गजाचं नाव सगळ्यांत शेवटी

मी एक जुना संगणक आहे, पण सध्या माझ्या पोटात कोंबड्या बसतात. कर्जतला अबूबकरच्या भंगाराच्या आवारात गंजक्या पिंपांच्या मागे एक उंच राखाडी कपाट उभं आहे, ते म्हणजे मी. अबूबकरने माझं तांबं, तारा आणि पंखे काढून कधीच विकले. उरलेल्या खोक्यात त्याच्या बायकोने, अमिरुन्निसाभाभींनी, पेंढा घातला. मित्रांनो, तुम्ही चेंडू शोधायला इथे येता आणि जाता जाता मला लाथ घालता. घाला. मी याहून मोठा मार खाल्ला आहे. माझ्या डाव्या अंगाला जी लांब खोक दिसते ना, ती पहारीची आहे. त्याच पहारीने माझ्याआधी एका माणसाचं डोकं फुटलं. ते कसं झालं हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तेव्हा चेंडू राहू द्या आणि जरा बसा.

माझा जन्म मुंबईतला. कुणा एकाने मला घडवलं नाही. कुणी पत्रा वाकवला, कुणी तारांना डाख दिला, कुणी पंखे बसवले. त्र्याऐंशी साली लाकडी खोक्यात घालून मला ट्रकने खालापूर तालुक्यात धाडलं. रसायनीच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठी, कापडाच्या रंगाची भुकटी बनवणारा एक कारखाना होता. तिथल्या कामगारांचा घामसुद्धा कधी पिवळा, कधी जांभळा यायचा. मी फाटकाशी पोचलो तेव्हा ते सगळे वाट अडवून उभे होते. संगणक येतो आणि माणसांच्या नोकऱ्या खातो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. पहिला दगड ट्रकच्या काचेवर बसला, दुसरा ड्रायव्हरच्या कपाळावर. पोलीस आले, लाठ्या चालल्या, आणि रक्ताने माखलेल्या ड्रायव्हरने ट्रक कसाबसा आत घेतला. मला उतरवताना दोर तुटला आणि मी माझ्या सगळ्या वजनानिशी एका हमालाच्या पावलावर पडलो. हाडं मोडल्याचा आवाज मला खोक्याच्या आतून ऐकू आला. बाहेर लोक ओरडले, "बगा, आल्या आल्या येक खाल्ला!"

अशी माझी सुरुवात. सनईचौघडा कुठला!

माझ्यासाठी काचेच्या भिंतींची एक खोली बांधली होती. मला उकाडा सोसत नाही, म्हणून त्या खोलीत रात्रंदिवस गार हवा सोडलेली असे. बाहेर रिॲक्टर धगधगत असत. रिॲक्टर म्हणजे रसायनं शिजवायचे भले मोठे बंद हंडे. त्यांच्यापाशी राबणारी माणसं अक्षरशः भाजून निघत. जेवणाच्या सुट्टीत ती यायची आणि माझ्या गार काचेला गाल लावून उभी राहायची. तोंडाने मला शिव्या घालायची, पण गाल काही काढायची नाहीत. मला याचं फार हसू यायचं.

माझा कारभार पाहायला कर्जतची शहाजादी आली. तिच्या वडिलांचं, सुलेमानभाईंचं, बाजारात चपलांचं दुकान होतं. पोरगी मात्र मुंबईला जाऊन संगणकाचं शिकून आली होती. बोलायला चटकन, रागवायलाही चटकन. आता तिचं काम काय होतं ते नीट ऐका, कारण पुढचा सगळा घात त्यातूनच झाला.

माझ्या पोटात माहितीचं एक कोठार होतं. त्याला डेटाबेस म्हणतात. कोणती रसायनं आली, किती वापरली, कोणता हंडा केव्हा तापवला, किती पिंपं भरली, सगळं त्यात. त्या कोठारातच काही हुकूम साठवून ठेवलेले असत. एक हुकूम वजनांचा हिशेब करायचा, दुसरा भुकटी किती वेळ वाळवायची ते सांगायचा. माणूस हे हुकूम आपल्या अक्षरांत लिहितो. मला ती अक्षरं तशीच पचत नाहीत. दाण्यांचं पीठ करावं तसं त्यांचं दळण करून ते माझ्या भाषेत आणावं लागतं. याला कंपाइल करणं म्हणतात. एकदा दळून ठेवलं की रोज तेच वापरायचं. पण कोठाराची नवी आवृत्ती आली, आतली रचना बदलली, की जुन्या दळणावर माझा भरवसा राहत नाही. मग दाणे तेच घ्यायचे आणि पुन्हा दळायचं. त्यात कुणाचं काही बिघडलेलं नसतं.

मोठ्या साहेबांनी शहाजादीला सांगितलं होतं, हुकुमांना आकडे दे. पण आकडे तिच्या डोक्यात राहीनात. ती काम शिकली होती ती माणसांपाशी उभी राहून. हिरू काट्यावर रसायनं कशी तोलतो, नामा वाळवणीच्या खोलीत काय बघतो, कशेळ्याची मैना पिंपांची झाकणं ठोकताना मोजणी कशी ठेवते, हे तिने नाकाला ओढणी लावून तासन्‌तास पाहिलं होतं. म्हणून तिने हुकुमांना त्यांचीच नावं दिली. हिरू, नामा, मैना. आणि सगळ्यांत मोठा हुकूम, जो संबंध घाण्याचं, म्हणजे एका खेपेला शिजणाऱ्या मालाचं, वेळापत्रक काढायचा, त्याचं नाव गजा. कोंडाण्याचा गजा हा मुख्य रिॲक्टरवरचा माणूस. हंडा केव्हा तापवायचा, केव्हा थंड करायचा, ते त्याच्या हाती. हिरूने तोलल्याशिवाय, नामाने वाळवल्याशिवाय, मैनेने पिंपं मोजल्याशिवाय त्याचा घाणा पुरा व्हायचा नाही. माझ्या पोटातही तसंच होतं. गजा नावाचा हुकूम बाकीच्या सगळ्या हुकुमांना विचारून चालायचा. त्यामुळे पुन्हा दळायची वेळ आली, तर आधी हिरू, नामा, मैना दळावे लागत, आणि गजा सगळ्यांत शेवटी. यात मानापमानाचा काही प्रश्नच नव्हता.

शहाजादीने एकेकाला आत बोलावून पडद्यावर त्याचं नाव दाखवलं. हिरवी इंग्रजी अक्षरं बघून हिरू हरखून गेला.

"बाय, ह्ये मी हाय व्हय?"

"हो, हा तू."

"मंग जरा मोटं लिवा की. यवडासा दिसतोय मी."

त्या दिवसापासून माझं दैव उघडलं. शिव्या थांबल्या. हिरू शहाजादीसाठी करवंदं आणू लागला. गजा रोज काचेपाशी थांबून विचारायचा, "आमचा आतला गजा काय म्हन्तो?" शहाजादी म्हणायची, "तुझ्याइतकी बडबड करत नाही." हा गजा हिरूचा मेहुणा. हिरूची बहीण जना त्याला दिली होती. दोघं एकाच सायकलवर डबलसीट कामाला येत. मित्रांनो, मी यंत्र आहे, पण खोटं कशाला बोलू, ती चार वर्षं मला फार आवडली.

आता त्या फाटकावरच्या शिक्क्याचं सांगतो. प्रत्येक कामगाराला आत यायला एक पास असे. वर्ष बदललं की सदू पहारेकरी त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा, 'व्हॅलिड', म्हणजे चालू. ज्याला कामावरून काढलं त्याच्या पासावर दुसरा शिक्का, 'इनव्हॅलिड', म्हणजे रद्द. शिक्के इंग्रजीत होते. कामगारांतल्या पुष्कळांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आपली नि सोबत्यांची नावं आणि हे दोन शब्द ते चेहऱ्यावरून ओळखत, जसा आपण गावातला माणूस ओळखतो. त्या फाटकावर 'इनव्हॅलिड' या शब्दाला एकच अर्थ होता. चूल बंद.

पोशा नावाचा एक माणूस भुकटी दळायच्या चक्कीवर होता. एके दिवशी त्याची बाही पट्ट्यात अडकली आणि हात आत ओढला गेला. तो असा ओरडला की माझ्या काचा थरथरल्या. गजाने धावत जाऊन त्याला कमरेला धरून मागे खेचलं. पोशा आला, त्याची बोटं आतच राहिली. त्या दिवशीची निळी भुकटी गुठळ्या होऊन लाल निघाली आणि साहेबांनी पोत्यात भरून ती बाजूला ठेवायला सांगितली. पोशा दवाखान्यातून परत आला तेव्हा सदूने त्याच्या पासावर शिक्का मारला.

"पोशा, तुजा पास इनवालिड झाला रं. मी हुकमाचा ताबेदार, मी काय करू?"

"आरं, पन बोटं तुमच्याच चक्कीत गेली न्हवं?"

पोशा हटला नाही. तो फाटकाच्या दांड्याला दंड अडकवून बसला. तेव्हा रखवालदारांनी काठ्या काढल्या. पट्टी बांधलेल्या हातावर काठ्या बसल्या, पट्टी सुटली, जखम उघडी पडली, तरी ते थांबेनात. शेवटी गजा मॅनेजरच्या खोलीत घुसला आणि त्याने मॅनेजरची कॉलर धरली. मॅनेजरने कॉलर सोडवली, टाय सरळ केला आणि तो म्हणाला, "तुझ्या पासावर शिक्का मारायला मला एक मिनिट पुरे. वेळ आली की बघतो."

तेव्हापासून गजा रोज फाटकाशी पास पुढे करताना सदूच्या हाताकडे बघायचा. त्याची झोप उडाली होती. माझ्या काचेपाशी तो थांबेनासा झाला. घरी दोन लहान पोरं, जनाला तिसरा महिना. त्याच्या छातीत काय चाललं होतं ते आता मला कळतं. माणूस एकदा घावाची वाट बघू लागला की त्याला प्रत्येक हात उगारलेला दिसतो.

अशातच सत्त्याऐंशी साली, भात झोडून झाल्यावर, मुंबईहून एक इंजिनिअर साहेब माझी नवी आवृत्ती घेऊन आले. ती ज्यांवर भरली होती त्या टेपांची खोकी जीपमध्ये होती. खोकी उचलायला त्यांनी सकाळी फाटकाजवळ दिसलेल्या हिरूला हाक मारली. हिरूने खोकी वाहिली. साहेबांनी त्याला आपल्याबरोबर कपभर चहा पाजला आणि पाठीवर थाप मारली. हे गजाने रिॲक्टरच्या शिडीवरून पाहिलं.

साहेबांनी दुपारपर्यंत माझं जुनं कोठार काढून नवं बसवलं. उन्हाची तिरीप येते म्हणून त्यांनी माझा पडदा फिरवला आणि त्याचं तोंड बाहेरच्या काचेकडे केलं. मग मला सुरू केलं. मी जागा झालो, नवं कोठार पाहिलं, जुन्या दळणाकडे पाहिलं, आणि जे करायला मला शिकवलं होतं ते केलं. प्रत्येक हुकुमापुढे एक शब्द लावला; माझ्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की हे पुन्हा दळा. पडद्यावर मोठी हिरवी अक्षरं उमटली. गजा, इनव्हॅलिड. हिरू, इनव्हॅलिड. मैना, इनव्हॅलिड. नामा, इनव्हॅलिड.

"नेहमीचंच आहे," साहेब म्हणाले. "सगळं कंपाइल करून टाक. मी जेवून येतो." आणि ते गेस्ट हाउसवर मटण खायला गेले. शहाजादी खुर्ची ओढून कामाला बसली. तिची पाठ काचेकडे होती.

पाळी बदलायची वेळ होती. सकाळची पाळी सुटत होती, दुपारची आत येत होती, म्हणजे कारखान्यातली सगळी माणसं एकाच वेळी आवारात. आपली जागा झाडून मैना खराटा घेऊन माझ्या काचेसमोरून चालली होती. तिने सहज आत पाहिलं आणि तिच्या हातून खराटा गळला.

"गजा! गजा रं! तुज्या नावाफुडं शिक्का मारलाय! माज्याबी मारलाय! समद्यांच्याच मारलाय गं बाय!"

पुढचं फार झपाट्याने झालं. दगडांनी आणि पहारींनी हात भरले. सदूने फाटकाच्या खोलीत जाऊन कडी लावली, तर त्यांनी दारच उखडलं. त्याला केस धरून बाहेर ओढलं. "म्या न्हाय मारला! देवाशपत म्या न्हाय मारला!" तो ओरडत होता. "शिक्का कंच्या हातानं मारतोस? ह्याच न्हवं?" कुणीतरी विचारलं. त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि वर दगड घातला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, हाताचा चेंदा होईपर्यंत. एक रखवालदार सोडवायला धावला, त्याचे दात पडले. बाकीचे नदीकडे पळाले. मग सगळा लोंढा माझ्याकडे वळला. माझी गार काच, जिला ते गाल लावायचे, ती पहिल्याच दगडाला फुटली. काचेचे तुकडे शहाजादीच्या पाठीत आणि मानेत घुसले. ती उठून उभी राहिली तेव्हा तिचा पांढरा कुडता लाल होत चालला होता.

"काय झालंय तुम्हाला? अरे, काय झालंय?"

"आमची नावं काडलीस?" गजा पहार घेऊन काचांवरून आत आला.

तिने पडद्याकडे पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं. "गजा, ही तुमची नावं नाहीत रे! प्रोग्रामची आहेत!"

"नाव माजं, आनि मी न्हवं? मंग कोन हाय त्यो?"

चार वर्षं तिनेच त्यांना सांगितलं होतं, हा तू आहेस म्हणून.

मागून नामा ओरडला, "आमच्याजवळ हुबं ऱ्हाऊन समदं काम शिकून घ्येतलंस आनि आता आमालाच काडतीस व्हय!" एक दगड तिच्या खांद्याला लागला. ती कोलमडली, टेबलाला धरून पुन्हा उठली. आणि मग तिने एक शहाणपणा केला. समजावून सांगणं तिने सोडून दिलं. ती पाठ फिरवून खुर्चीत बसली आणि माझी बटणं बडवू लागली. तिला वाटलं, शब्द बदलला की माणसं शांत होतील.

मी जीव तोडून दळत होतो. मैना झाली. पडद्यावर मैनेपुढचा शब्द पुसला गेला आणि तिथे 'व्हॅलिड' आलं. मैना मोठ्याने रडायला लागली. "माजं पुसलं! माजं चालू झालं!" तिने हातातला दगड टाकला. मग नामा झाला. तो दोन पावलं मागे सरला आणि कुणाकडे न बघता काचांवरून बाहेर पडला. मग हिरू झाला. एकेकाचा दगड खाली पडत होता. गलका विझत गेला. शहाजादीला हायसं वाटलं असेल. मला तर वाटलंच. आता गजा तेवढा राहिला होता. तिने त्याचा हुकूम दळायला घातला. तो सगळ्यांत मोठा. त्याला वेळ लागणारच होता.

पण बाहेरून ते कसं दिसत होतं, मित्रांनो, याचा विचार करा. सगळ्यांची नावं चालू झाली आणि एकाचंच रद्द राहिलं. ज्याने कॉलर धरली होती त्याचंच.

"समद्यांचं झालं," गजा म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "माजंच ऱ्हायलं."

"आता होतंय, गजा. थोडं थांब," शहाजादी मागे न बघता म्हणाली.

"थांब? एक मिनिटाचं काम हाय म्हनला व्हता त्यो म्यानेजर." त्याने दोन्ही हातांनी पहार उचलली. ती तिच्या डोक्यावरच यायची. पण हिरू मधे आला. त्याने गजाच्या छातीला दोन्ही हात लावले.

"भावजी, बाईमानूस हाय रं! थांबा की. तुमचंबी व्हईल."

"तुला कसं ठावं, माजंबी व्हईल म्हून?"

"माजं झालं न्हवं? मंग तुमचंबी..."

"तुजं व्हनारच! सकाळी सायबाबरूबर च्या पिऊन आलास. माजं नाव दिऊन सोताचं सोडवून घ्येतलंस!"

हिरूला ते कळलंच नाही. तो थोडा हसला, चेष्टा चाललीय असं वाटून हसतात तसा. तेवढ्या हसण्याने गजाचा ताबा सुटला. पहार हिरूच्या कानशिलावर बसली. ओला नारळ फुटावा तसा आवाज झाला. हिरू आधी गुडघ्यांवर बसला, मग माझ्या अंगाला टेकून खाली घसरला. त्याचं ऊन रक्त माझ्या पत्र्यावरून ओघळत गेलं. गजा थांबला नाही. दुसरा घाव शहाजादीने वर धरलेल्या हातावर, तिसरा माझ्या अंगावर, चौथा पडद्यावर. पडदा धडाक्याने फुटला आणि हिरवी अक्षरं विझली.

त्यानंतर लगेच माझं दळण पुरं झालं. गजा, व्हॅलिड. कोठारात मी ते लिहिलं. पण दाखवायला मला तोंडच उरलं नव्हतं. मी आतल्या आत तो शब्द धरून राहिलो आणि समोर गजा हिरूला हलवत होता. "ऊठ रं. ए हिरू. ऊठ, घरला जाऊ." हिरू उठला नाही. संध्याकाळी पनवेलला नेताना वाटेतच तो गेला.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला पोलिसांनी गजाला खालापूरहून बेड्या घालून आणलं. जनाला कुणीतरी फाटकापर्यंत आणलं होतं. भाऊ गेलेला आणि नवरा बेड्यांत. रडावं कुणासाठी, हे तिला कळेना, म्हणून ती नुसती उभी होती. इंजिनिअर साहेब म्हणत होते, "अडाणी लोकांना काय कळतंय?" जेवायला गेलेल्या माणसाला हे बोलताना लाज कशी वाटली नाही, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांनी दुसरा पडदा आणून मला जोडला. शहाजादी हात गळ्यात बांधून आली होती. तिने डाव्या हाताने बटण दाबलं. नावं उमटली. मैना, नामा, हिरू, गजा. चारही नावांपुढे एकच शब्द.

गजाने बेडीतलं बोट आपल्या नावाखाली टेकवलं.

"ह्ये कवा झालं, बाय?"

"तू पडदा फोडलास, त्यानंतर लगेच."

"मंग माजंच मागं का ठिवलं?"

"मागं ठेवलं नव्हतं, गजा. तुझं नाव हिरूच्या नावावर उभं होतं. त्याचं आधी झाल्याशिवाय तुझं होत नव्हतं."

गजाच्या बेड्या वाजल्या.

"म्हंजी हिरू माज्यासाटी फुडं गेला व्हता?"

"हो," शहाजादी म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

तेव्हा गजा माझ्यावर धावून आला. मला मारायला नाही. तो आपलं कपाळ माझ्या पत्र्यावर आपटू लागला, जिथे हिरूचं रक्त वाळलं होतं तिथेच. शिपायांनी ओढून काढेपर्यंत त्याची कातडी फाटली होती. फाटकापर्यंत त्याला फरफटत न्यावं लागलं. पुढे त्याला जन्मठेप झाली. शहाजादीने नोकरी सोडली. नंतर आलेल्या माणसांनी सगळी नावं काढून आकडे घातले, आणि काही महिन्यांनी मलाही काढलं.

मित्रांनो, यंत्रांनी आपली कहाणी सांगितली की शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायची पद्धत आहे. मी तसं म्हणणार नाही. माझं काय, पत्रा आहे. पण उद्या तुमच्यातलं कुणी माझ्यासारख्या यंत्रासाठी हुकूम लिहील, कुणी माणसांच्या नावांपुढे शब्द लावील. तो शब्द तुमच्या खोलीत साधा असेल. ज्याच्या नावापुढे लावताय त्याच्या फाटकावर तो काय करतो, हे आधी जाऊन बघा. आणि कधी तुमचंच नाव शेवटी राहिलं, तर हात उचलण्याआधी 'का?' एवढं विचारा. शहाजादीला ते सांगायला दोन-तीन वाक्यं पुरली. हिरू मात्र ती ऐकायला उरला नव्हता.